हाडात विरघळणारं मडकं!

माठाच्या पोटाला हात लाव बरं! ओला लागतो ना?

आपल्या धाराशिवच्या वाशीत मे महिन्यात ऊन नुसतं भाजून काढतं. बालाघाटाच्या डोंगरावरून येणारा वारासुद्धा गरम. आणि घरातला माठ मात्र गारेगार! त्याला घाम फुटलेला! पण माठाला तडा तर कुठेच नाही. मग हे पाणी बाहेर आलं कुठून?

भोकांतून! माठाच्या अंगभर भोकं असतात. इतकी बारीक, इतकी बारीक, की डोळ्यांना दिसतच नाहीत. पाणी त्यांतून हळूहळू झिरपतं, वाऱ्याने उडून जातं, आणि जाता जाता आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं.

आता जरा जवळ ये. खरी गंमत पुढेच आहे.

अशाच भट्टीत भाजलेल्या, अशाच भोकाभोकांच्या वस्तूचे दाणे डॉक्टर माणसाच्या हाडात भरतात. हो, हाडात! आणि पुढे महिन्यामहिन्यांनी एक्स-रे काढून बघावं, तर दाणे हळूहळू गायब! त्यांच्या जागी काय? खरंखुरं, जिवंत हाड!

जादू वाटते ना? जादू नाही. हे आहे सिरॅमिक. म्हणजे माती किंवा मातीसारखीच पूड घ्यायची, तिला आकार द्यायचा आणि भट्टीत कडक भाजायची. माठ सिरॅमिक, वीट सिरॅमिक, चहाचा कप सिरॅमिक, न्हाणीघरातली फरशीसुद्धा सिरॅमिक!

आणि या बाबतीत आपला धाराशिव जिल्हा भारी बरं का! तेर गाव माहीत आहे ना? संत गोरोबाकाकांचं तेर! गोरोबाकाका कुंभार होते. त्यांनी जमलेल्या संतांची डोकी थापटण्याने थापटून ‘कच्चं मडकं कोणतं’ ते ओळखलं, ही गोष्ट तुला कुणीतरी सांगितली असेलच. तेरच्या लामतुरे संग्रहालयात तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती आणि भांडी आहेत. दोन हजार वर्षं! एवढे पावसाळे गेले, वर राज्यं आली नि गेली, आणि भाजलेली माती जमिनीत जशीच्या तशी!

आता विचार कर. भाजलेली माती अशी हट्टी, की दोन हजार वर्षं जागची हलत नाही. आणि डॉक्टरांना हवंय काय? तर काम झालं की आपणहून निघून जाणारं मडकं! हे जमवायचं कसं?

त्यासाठी आधी हाडाची ओळख करून घेऊ.

हाड म्हटलं की आपल्याला वाटतं, काठीसारखं काहीतरी. कडक, वाळलेलं, मुकं. चूक! तुझं हाड जिवंत आहे. त्यात रक्त वाहतं. त्यात पेशी राहतात. पेशी म्हणजे आपलं शरीर ज्यांनी बनलंय ते चिमुकले जिवंत कण. आणि हाडातल्या पेशी एक मिनिट स्वस्थ बसत नाहीत!

त्यांच्यात दोन टोळ्या आहेत. एक पाडणारी, एक बांधणारी. पाडणाऱ्या पेशी जुन्या हाडाला चिकटतात, त्यावर आम्ल सोडतात आणि ते विरघळवून टाकतात. मागोमाग बांधणाऱ्या पेशी येतात आणि त्या खड्ड्यात नवं हाड भरतात. पाड, बांध. पाड, बांध. तू झोपलास किंवा झोपलीस तरी यांचं काम चालूच! मोठ्या माणसाचा जवळजवळ सगळा सांगाडा साधारण दहा वर्षांत असा नवा होतो. म्हणजे आजोबा सत्तर वर्षांचे असले, तरी त्यांची हाडं काही सत्तर वर्षं जुनी नाहीत!

बरं, हे हाड बनलंय कशाचं? एक प्रयोग कर. घरी कोंबडीचं मटण झालं, तर तंगडीचं एक हाड स्वच्छ धुऊन घे. काचेच्या बरणीत व्हिनेगर ओत आणि हाड त्यात बुडव. दोन दिवसांनी व्हिनेगर बदल. आणखी दोन-तीन दिवस थांब. आता हाड काढ आणि वाकव.

वाकलं! रबरासारखं वाकलं!

काय झालं? व्हिनेगरने हाडातलं खनिज विरघळवून टाकलं. उरला तो नुसता चिवट धाग्यांचा गोळा. म्हणजे हाडाला कडकपणा आला होता तो त्या खनिजामुळे. हाडाच्या वजनातला साधारण दोन तृतीयांश भाग हे खनिजच असतं! त्याचं नाव जरा लांबलचक आहे. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट. एका दमात म्हणून बघ! नावाला घाबरू नकोस. त्यात असतं कॅल्शियम, फॉस्फरस, ऑक्सिजन आणि चिमूटभर हायड्रोजन. बस्स. तुझे दातही मुख्यतः याचेच.

आता उलटा प्रयोग. हा मात्र घरी करायचा नाही, नुसता ऐकायचा. हाड भट्टीत घालून खूप तापवलं, तर धागे जळून जातात आणि पांढरं, ठिसूळ खनिज तेवढं मागे उरतं. या हाडांच्या राखेचं इंग्लंडमधल्या कारागिरांनी काय केलं असेल, ओळख! सव्वादोनशे वर्षांपूर्वी त्यांनी ती चक्क कपबशांच्या मातीत मिसळली. तेच ‘बोन चायना’चे पातळ, पांढरेशुभ्र कप. म्हणजे आधी माणसाने हाडं सिरॅमिकमध्ये घातली, आणि पुढे सिरॅमिक हाडांत घातलं. आहे की नाही मजा?

पण हाडात काही घालायची वेळच का यावी? सायकलवरून पडलं, हात मोडला, प्लास्टर घातलं, दीड महिन्यात हाड जुळलं. बांधणारी टोळी आहेच की आत!

खरं आहे. नुसती चीर गेली असेल, तर हाड आपलं आपण सांधतं. पण मोठा खड्डा पडला तर? अपघातात हाडाचा तुकडाच गेला तर? मुलांच्या हाडात कधीकधी पाण्याने भरलेली पोकळी तयार होते. बाहेरून काही कळत नाही. मग एके दिवशी खेळताना साधा चेंडू फेकला आणि खांद्याजवळचं हाड कट्कन मोडलं, असं होतं. एक्स-रे काढला की ती पोकळी दिसते. डॉक्टर ती साफ करतात. पण मागे उरतो रिकामा खड्डा.

बांधणाऱ्या पेशींना हवेत चालता येत नाही ना! त्यांना पाय ठेवायला काहीतरी लागतं. खड्डा फार मोठा असेल, तर त्या काठावरच थांबतात. म्हणून खड्ड्यात काहीतरी भरावं लागतं.

जुना आणि आजही सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे त्याच माणसाच्या कमरेचं हाड थोडं काढायचं आणि तिथे भरायचं. आपलंच हाड, आपल्याच पेशी. शरीर लगेच आपलं म्हणतं. पण यात एक गोची आहे. दुखणं हाताचं, आणि चीर कमरेलाही! आणि लहान मुलाच्या कमरेत हाड असून असून असणार किती?

मग दुसऱ्या कुणाचं हाड चालेल का? चालतं! मोठ्या माणसांचा खुबा बदलतात ना, तेव्हा आतला जुना हाडाचा गोळा बाहेर निघतो. कुणी तो दान केला तर फेकायचा कशाला? तो स्वच्छ करून हाडांच्या पेढीत ठेवतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये १९८८ सालापासून अशी पेढी आहे. तिथे हाडं निर्जंतुक करायला गॅमा किरण वापरतात. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण जंतूंचा पार फडशा पाडतात! पेढी उत्तमच आहे. पण दान मिळेल तेवढंच हाड मिळणार. आणि गरजू तर पुष्कळ.

आणि प्राण्याचं हाड? ऐक! १६६८ साली एका डच डॉक्टरच्या पुस्तकात एक हकिगत छापून आली. एका रशियन शिपायाच्या कवटीला भोक पडलं होतं. ते बुजवायला चक्क कुत्र्याच्या कवटीचा तुकडा बसवला. जखम भरली! पण चर्चला हे मुळीच आवडलं नाही. शिपायाला धर्माबाहेर काढलं. बिचारा शिपाई परत आला आणि म्हणाला, काढून टाका तो तुकडा. पण आता तुकडा निघेना, असं सांगतात! तो हाडात पक्का बसला होता.

शोध चालूच राहिला. १८९२ साली ड्रीसमन नावाच्या जर्मन डॉक्टरने हाडातला खड्डा कशाने भरला सांग? प्लास्टर ऑफ पॅरिसने! हो, गणपतीच्या मूर्ती करतात तेच! कल्पना झकास होती. पण हे प्लास्टर शरीरात फार लवकर विरघळतं. दीड-दोन महिन्यांत बरंचसं संपतं. हाडाला तर भरायला त्याहून जास्त वेळ लागतो. बांधकाम अर्धं आणि परांची आधीच गायब!

मग १९२० साली आल्बी या अमेरिकन डॉक्टरने आणखी जवळचा नेम मारला. त्याने सशांच्या मोडलेल्या हाडांत ट्रायकॅल्शियम फॉस्फेट भरून पाहिलं. नावावरून ओळखलंस ना? यातही कॅल्शियम आणि फॉस्फरस. म्हणजे जवळपास हाडाचंच सामान! ज्याने हाड बनतं त्याच सामानाची पूड करायची, भट्टीत भाजायची आणि हाडात भरायची. शरीर कशाला तक्रार करील?

पण नुसतं सामान बरोबर असून भागत नाही. भोकं हवीत!

आणि इथे मला आपल्या कुंभारदादांची फार आठवण येते. मडक्याची माती कालवताना त्यात काय काय मिसळतात, हे कधी जवळून बघ. राख असते, भुसा असतो, घोड्याची लीदसुद्धा असते! आवा, म्हणजे कुंभाराची भट्टी, पेटला की त्यातलं जे जळण्यासारखं ते जळून जातं. ते जिथे जिथे होतं, तिथे तिथे काय उरतं? भोक! म्हणजे कुंभार नुसतं मडकं घडवत नाही, मडक्यातली भोकंही घडवतो!

सिरॅमिकचं हाड करणारे शास्त्रज्ञ अगदी हेच करतात. ते लीद घालत नाहीत एवढंच! एक पद्धत तर मला इतकी आवडते की काय सांगू. स्पंजचा तुकडा घ्यायचा. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटची पूड पाण्यात कालवून सरबरीत करायची. स्पंज त्यात बुडवायचा, जास्तीचं पिळून टाकायचं. मग वाळवायचा आणि भट्टीत सरकवायचा. भट्टी गावच्या आव्यापेक्षा कितीतरी तापट, ११०० ते १३०० अंश सेल्सिअस! स्पंज जळून नाहीसा होतो. पुडीचे कण मात्र न वितळता एकमेकांना घट्ट चिकटतात. दार उघडून बघावं, तर समोर स्पंज! तोच आकार, तीच भोकं. पण सगळा दगडासारखा, पांढरा!

भोकं केवढी हवीत? हे फार महत्त्वाचं. माठाच्या भोकातून पाणी जातं, पण पेशी आत शिरू शकत नाही. तिला ते दार फारच अरुंद! आणि एकट्या पेशीने आत जाऊन काय करायचं? तिच्यामागे रक्ताची नळीही जायला हवी, नाहीतर जेवण कोण पोचवणार? म्हणून भोक निदान मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं हवं. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत असलं तरी चालतं. डोक्याचा एक केस घे. तो साधारण मावेल, किंवा तसे चार-पाच केस शेजारी शेजारी बसतील, एवढं दार! आणि सगळी भोकं एकमेकांना जोडलेली हवीत. खोलीतून खोलीत जायला वाट नसेल, तर पेशी पहिल्याच खोलीत अडकून पडणार.

अशी भोकं निसर्गात आयती कुठे असतात, माहीत आहे? समुद्रातल्या पोवळ्यांत! काही पोवळ्यांची जाळी हाडाच्या जाळीसारखीच असते. १९७४ साली अमेरिकेत डेला रॉय आणि लिनेहन या शास्त्रज्ञांनी पोवळं गरम पाण्याच्या दाबाखाली फॉस्फेटबरोबर ठेवलं. पोवळ्याचं सगळं सामान बदलून हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट झालं, आणि भोकं मात्र तश्शीच राहिली!

आता चल ऑपरेशन थिएटरमध्ये. हळूच हं! टेबलावर स्टीलची वाटी आहे. तिच्यात पांढरे दाणे, साबुदाण्याएवढे किंवा त्याहून बारीक. डॉक्टर त्यावर पेशंटचं थोडं रक्त घालतात. बघ, बघ! दाण्यांनी रक्त शोषून घेतलं, पांढऱ्याचे लाल झाले! भोकं आहेत ना! आता हे लालेलाल दाणे खड्ड्यात अलगद ठासून भरायचे आणि वरून टाके घालायचे.

आत काय चालतं? रक्ताच्या नव्या बारीक नळ्या भोकांत शिरतात. मागून बांधणारी टोळी येते. भिंतींना हात लावून बघते. अरे, ही तर आपलीच भिंत! आणि ती तिथेच नवं हाड रचायला लागते. तेवढ्यात पाडणारी टोळीही पोचते. तिचं काम तुला माहीतच आहे. ती दाण्यावर आम्ल सोडते, दाणा कुरतडते. सुटलेलं कॅल्शियम आणि फॉस्फेट शरीराच्याच कामी येतं! परकं मडकं मोडायचं आणि त्याच सामानातून आपलं घर उभारायचं.

पण वेग जमायला हवा. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट काही महिन्यांपासून दोनेक वर्षांत विरघळतं. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट मात्र तेरच्या भांड्यांच्या वळणावर गेलेलं, वर्षानुवर्षं हलत नाही! मग करायचं काय? दोन्ही मिसळायचं! चटकन जाणारं थोडं, टिकणारं थोडं. एक जागा करून देतं, दुसरं आधार धरून ठेवतं. मला तर ही मिसळ सगळ्यात हुशारीची वाटते.

या दाण्यांची एक दुबळी बाजूही तुला सांगायलाच हवी. मडकं हातातून पडलं की काय होतं? खळ्ळ! हेही सिरॅमिकच. भोकं जितकी जास्त, तितकं ते ठिसूळ. मांडीच्या हाडावर सगळ्या अंगाचा भार येतो. तो या दाण्यांना एकट्याने पेलत नाही. म्हणून तिथे डॉक्टर धातूची पट्टी किंवा सळईही बसवतात. भार सळईने घ्यायचा, खड्डा दाण्यांनी भरायचा. भार पेलणारं, भोकं असलेलं आणि वेळेवर विरघळणारं, असं तिन्ही गुणांचं सिरॅमिक करायला जगभर खटपट चालू आहे. आपल्या देशातही! तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत आणि कोलकात्याच्या काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत हाडांच्या सिरॅमिकवर काम होतं. काही प्रयोगशाळांत तर अंड्याच्या टरफलांपासून हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट करतात. टरफलात कॅल्शियम आयतंच असतं ना!

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम मागे ठेवली होती. काचेची!

१९६७ साल. अमेरिकेत लॅरी हेंच नावाचे काचेचे एक प्राध्यापक बसने परिषदेला निघाले होते. शेजारच्या सीटवर व्हिएतनामच्या लढाईहून परतलेला एक सैन्याधिकारी. गप्पा सुरू झाल्या. अधिकाऱ्याने विचारलं, शरीर ज्याला परकं म्हणून झिडकारणार नाही असं काही तुम्हाला करता येईल का? जवानांचे जीव वाचतात, पण हातपाय वाचत नाहीत.

बसमधला एक प्रश्न! हेंच यांच्या डोक्यातून तो जाईचना. हाडात कॅल्शियम आणि फॉस्फरस आहे, मग काचेतच ते घातलं तर? १९६९ साली त्यांनी वाळू, चुना, सोडा आणि थोडा फॉस्फरस यांची काच केली. वाळू मुद्दाम कमी, खिडकीच्या काचेत असते त्यापेक्षा बरीच कमी. मग तिचे छोटे तुकडे उंदरांच्या हाडात बसवले. सहा आठवड्यांनी त्यांचे डॉक्टर मित्र ते काढायला गेले.

निघेनात! ओढले, ढकलले, तरी निघेनात! काच हाडाला चिकटून बसली होती! शरीरातल्या पाण्याने काचेचा वरचा थर बदलला होता आणि तिच्यावर आपोआप हाडाच्या खनिजाचा लेप चढला होता. अशी काच त्याआधी कुणी पाहिली नव्हती. तिचं नाव ठेवलं बायोग्लास. १९८५ साली ती पहिल्यांदा वापरात आली ती कानात. आपल्या कानात आत तीन इवलीशी हाडं असतात. त्यांतलं सगळ्यात छोटं तर जेमतेम तीन मिलिमीटरचं! ही हाडं खराब झाली की ऐकू येईनासं होतं. त्यांच्या जागी बसली ही काच.

हेंच यांना मुलं फार आवडायची. त्यांनी मुलांसाठी एका यंत्रमांजराच्या गोष्टींचं पुस्तकही लिहिलं. त्या मांजराचं नाव बोइंग-बोइंग!

आणि ही काच तुझ्या घरीही असू शकते! आजीचे दात गार पाण्याने शिवशिवतात? मग तिच्या टूथपेस्टच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाच. शिवशिवणाऱ्या दातांच्या काही पेस्टमध्ये ‘कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट’ असं लिहिलेलं असतं. ती हेंच यांचीच काच, मैद्यासारखी दळलेली! दातातल्या बारीक भोकांत ती जाऊन बसते आणि तिथे खनिजाचा थर चढवते. मडक्याला भोकं हवीत म्हणून एवढी धडपड, आणि इथे तीच मंडळी भोकं बुजवतात!